प्रार्थनेतली कामवाटणी

वहिनींच्या शिवणकारखान्यात दिवसाची सुरुवात प्रार्थनेनं व्हायची. कापणीच्या टेबलाभोवती सगळे उभे राहायचे, मशीनी गप्प असायच्या आणि वहिनी डोळे मिटून प्रभूशी बोलायला लागायच्या. शब्द त्यांना कधी शोधावे लागले नाहीत. दवाखान्याच्या पडद्यांपासून शाळेच्या गणवेशापर्यंत सगळं त्या सविस्तर प्रभूच्या कानावर घालायच्या.

कारखाना मूळचा पडद्यांचा. पण दारात आलेलं गिऱ्हाईक देवानंच पाठवलेलं असतं, ही वहिनींची पक्की समजूत. त्यामुळे नकार द्यायचा म्हटलं की त्यांची जीभच रेटायची नाही. पडद्यांमागून उशांचे अभ्रे आले, सोफ्याची कव्हरं आली, गणवेश आले. एकानं पोपटाच्या पिंजऱ्याला खोळ मागितली, तर तीही अस्तर लावून दिली! आणि हे सगळं निस्तरायचं कुणी? वन्संनी.

वन्सं म्हणजे वहिनींची धाकटी नणंद. कापडाला कात्री लावायची ती त्यांनीच. त्यांनी कापलेला पडदा कधी तिरका लोंबला नाही. एकाच मशीनवर, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोघींनी मिळून हा धंदा उभा केला होता. त्याच वन्संनी आदल्या संध्याकाळी कात्री पुसत सांगून टाकलं होतं, "वहिनी, महिनाअखेरीला मी काम सोडते." कारण विचारलं, तर नुसती मान हलवली. कापणारा दुसरा मिळाला असता, पण वन्संशिवायचा कारखाना वहिनींना नकोच होता.

तरी सकाळी त्या नेहमीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. अशी कुठली गाठ आहे जी प्रार्थनेनं सुटणार नाही? डोळे मिटले आणि सुरू झाल्या.

"हे प्रभू, मास्तरांच्या हाताला बळ दे, म्हणजे दवाखान्याचे पडदे दुपारपर्यंत हातावेगळे होतील. वन्संना धीर दे, आणि त्यांच्याकडून अभ्रे आधी कापून घे, कव्हरं मागाहून. अभ्रे त्या... त्या रंगाचे..."

रंग काही केल्या आठवेना. प्रभूला अर्धवट काय सांगायचं, म्हणून वहिनींनी फळीवरचा गठ्ठा बघायला हळूच एक डोळा उघडला.

बघतात तो काय, सगळ्यांचे डोळे टक्क उघडे! मशीनवरचे सगळ्यात जुने मास्तर तर तळहातावर खडूनं लिहून घेत होते.

"मास्तर! प्रार्थनेत लिहिता?"

मास्तरांनी ओशाळून मूठ मिटली. "मग लक्षात कसं राहणार, वहिनी? एकदा अगदी भक्तिभावानं डोळे मिटले होते, तर दवाखान्याच्या पडद्यांना झालर लावून बसलो."

हशा पिकला. वहिनीही हसल्या. हसल्या नाहीत त्या वन्सं.

"वन्सं," वहिनींचा आवाज खाली आला, "यासाठी चाललात?"

वन्संनी क्षणभर टेबलाकडे बघितलं. "काम जड नाही हो, वहिनी. पण घरी प्रार्थनेला गुडघे टेकले तरी मला अभ्रेच दिसतात. डोळे मिटले की देव काम सांगतो. मुकादम वाटायला लागलाय तो मला. त्याची भीती वाटते."

हे मात्र वहिनींना फार लागलं. आधी राग आला, मग लाज वाटली. पण डोळ्यांत पाणी आणून बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "आमेन," त्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "आता उघड्या डोळ्यांनी बोलू. हातातलं काम पुरं करायचं. नवं घ्यायचं ते फक्त पडद्यांचं. गणवेश, अभ्रे, जे काय येईल ते कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे पाठवायचं."

"आणि पोपटवाले परत आले तर?" मास्तरांनी विचारलं.

"पिंजऱ्यावर जुनी चादर टाका म्हणावं."

"पण देवानं पाठवलेलं गिऱ्हाईक ना ते?" वन्संनी डिवचलं.

"पाठवलं असेल. पण शिंप्याचाही देव तोच आहे, वन्सं. आपल्याकडे कदाचित नुसता पत्ता विचारायला पाठवलं असेल."

बोलायला सोपं होतं. दुपारी दारात उभे राहिले ते साक्षात चर्चचे पाळकसाहेब. "वहिनी, गायकमंडळींना नवे झगे हवेत. प्रभूचं काम आहे, तुम्ही काही नाही म्हणायच्या नाहीत!"

मशीनी थांबल्या. वन्संची कात्री कापडात तशीच राहिली. वहिनींच्या तोंडाशी नेहमीचा होकार आलाच होता. तो त्यांनी गिळला.

"प्रभूचं काम आहे म्हणूनच चांगल्या हातून व्हावं, पाळकसाहेब. कोपऱ्यावरचा शिंपी आमच्यापेक्षा सुरेख झगे शिवतो. आम्ही पडदेवाले. चर्चच्या खिडक्यांना पडदे हवे असतील, तर आत्ता माप घ्यायला येते."

पाळकसाहेब खुर्चीत बसून पोटभर हसले. "नाही कसं म्हणायचं ते मलाही शिकवा एकदा. मला तर तुमच्याहून जास्त गरज आहे." आणि शिंप्याचा पत्ता घेऊन गेले. वन्संची कात्री पुन्हा चालू झाली.

दुसऱ्या दिवशी सगळे टेबलाभोवती उभे राहिले. मास्तरांनी खडू खिशात ठेवून दिला होता. वहिनींनी डोळे मिटले.

"प्रभू, तू आम्हाला इथं एकत्र आणलंस. तुझे आभार." पुढे जिभेवर आलेली सोफ्याची कव्हरं त्यांनी निग्रहानं परतवली. पुढचं ज्याचं त्यानं मनात बोलावं म्हणून त्या थांबून राहिल्या. बाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली. मग वहिनी म्हणाल्या, "आमेन."

सगळ्यांनी डोळे उघडले. मास्तरांना तर चक्क डुलकी लागली होती, त्यांना हलवावं लागलं. वन्संचे डोळे मात्र मिटलेलेच होते.

"वन्सं?"

"थांबा हो, वहिनी," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "माझं अजून संपलेलं नाही."

मग सगळेच थांबले. वहिनींना वाटत होतं, विचारावं, काय सांगताय त्याला एवढं? पण त्या पहिल्यांदाच गप्प उभ्या राहिल्या.

वन्संनी डोळे उघडले, नाक पुसलं आणि कात्री उचलून तिचं पातं अंगठ्यानं चाचपलं.

"बोथट झालीय," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात धार लावून आणते."