डबल बेल

काचबिंदूने नजर नेली, तरी हरेश्वरची फिरायची हौस गेली नव्हती. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, त्याला घरात बसवणं म्हणजे शिक्षाच. संध्याकाळी श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरच्या बाकावर त्याचे जुने सोबती जमत. तिथे कुणाचा हात न धरता एकट्याने जायचं, एवढाच त्याचा हट्ट होता.

मुलगी मृणाली पुण्यात अंधांना वाट दाखवणारी यंत्रं बनवायची. तिने त्याच्यासाठी मनगटी पट्टा आणला. रस्ता मोकळा असला की तो एकदा टिंग करी, काही आडवं आलं की दोनदा.

"आज नीट पोचलात तर उद्यापासून एकटे जा," ती म्हणाली. "नाहीतर मी नसताना घराबाहेर पडायचं नाही."

हरेश्वरने ऐटीत काठी उचलली. मृणाली मागून चालू लागली.

गल्लीत पट्टा टिंग वाजला. हरेश्वर जागच्या जागी थांबला. "चला ना, आप्पा," मृणाली म्हणाली, तसा तो निघाला. थोडं पुढे टिंग टिंग झालं आणि स्वारी अशी झपाट्याने सुटली की थेट आवडाबाईच्या मासळीच्या टोपलीवर जाऊन धडकली. बांगडे रस्ताभर झाले.

"मास्तर, टोपली न्हाय दिसली, पन वास तरी आला आसंल?" आवडाबाई म्हणाली.

हरेश्वरला हसू आलं नाही. उद्याची संध्याकाळ घरातच, हे त्याला कळून चुकलं होतं.

"दोनदा वाजलं की थांबायचं, सांगितलं होतं ना?"

"सांगितलंस गं. पन पायांना कोन सांगनार? एक बेल म्हंजे थांबा, दोन म्हंजे चला. डबल बेल दिल्यावर गाडी कधी थांबते काय?"

मृणाली पोट धरून हसत सुटली. तिथेच एका पायरीवर बसून तिने फोनवरून दोन्ही खुणांची अदलाबदल केली आणि आवडाबाईला बांगडे गोळा करून दिले.

टिंग टिंग. हरेश्वर निघाला. टिंग. तो थांबला, काठीने नारळाचं खोड चाचपून बाजूने वळला. टिंग टिंग. पायांखाली वाळू लागली. मागची पावलं केव्हाच थांबली होती, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला विलक्षण आनंद झाला.

बाकापाशी पट्टा एकदाच वाजला.

"श्रीवर्धन, शेवटचा स्टॉप," त्याने जुन्या खणखणीत आवाजात पुकारलं. "उतरून घ्या."

त्याच्या बेलवर वर्षानुवर्षं गाडी हाकलेला रावजी ड्रायव्हर बाकावर सरकला. "या मास्तर. संगं कोन हाय?"

"कुनी न्हाय," हरेश्वर टेकत म्हणाला. "एकटा आलो."