उघड्या तोंडाची मरिया

सेन्योर आल्वारो आमच्या देवळाच्या बंधुमंडळाचे कारभारी. मी कोरलेली मरियामाता पाहायला आले आणि नाक मुरडून उभे राहिले. म्हणाले, प्रभूची आई डोळ्यांतून रडते, असा आ वासून हंबरडा कोळणी फोडतात. तोंडाची पोकळी बुजवून ओठ मिटव, नाहीतर मूर्ती मिरवणुकीत निघणार नाही.

ते तोंड कुठून आलं हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. आमच्या सेव्हिया शहरात साथ आली त्या वर्षी माझा मुलगा आंद्रेस गेला. प्रेतं नेणारी गाडी दाराशी आली, तेव्हा गाडीवाला दरडावून म्हणाला, "ओरडू नकोस, गल्ली घाबरेल." मी शाल तोंडात कोंबली. ते ओरडणं घशात अडकलं ते अडकलंच. पुढे मूर्तिकार नवराही गेला, त्याची छिन्नी माझ्या हाती आली, आणि या लाकडात ते बाहेर पडलं. काचेचे डोळे आतून बसवायचे म्हणून मूर्तीचा चेहरा डोक्यापासून कापून काढतात. तो मांडीवर घेऊन मी तोंडात हस्तिदंती दात बसवले, जीभ रंगवली. रंग देणं रंगाऱ्यांचं काम, बाईचं तर नाहीच. रंगारी बोंबलले तर बोंबलू देत.

कारभाऱ्यांना मी हो म्हणाले आणि ओठांना हात लावला नाही.

मरियामातेला वस्त्रं नेसवायची ती बायकांनीच. पडद्याआड पाद्रीसुद्धा येत नाही, आणि वस्त्रं चढली की कुठल्याही पुरुषाने तिला शिवायचं नाही. वस्त्रं नेसवणाऱ्यांत मेन्सियाबाई वडीलधाऱ्या. मोठ्या घरच्या, जिभेच्या तिखट. त्या सेन्योर आल्वारोंना सांगतील अशी मला भीती होती. त्यांनी चेहरा बराच वेळ पाहिला.

"हे मिटवायला सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"नाही मिटवलं."

 बाई टाचण्या धरून उभ्या असलेल्या मुलींकडे वळल्या. "लेस हनुवटीखाली घ्या गं. दात दिसू देत."

पडद्याबाहेरून सेन्योर आल्वारो झालं का, झालं का करत होते. पुरुषांनी उतावीळ होऊ नये, असं बाईंनी त्यांना ऐकवलं.

देवळाच्या दारातून पालखी भर उन्हात आली आणि रस्ता गप्प झाला. सेन्योर आल्वारोंनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. भोयांना म्हणाले, तिच्या डोक्यावरची ओढणी तोंडावर ओढा. भोई मान खाली घालून उभे राहिले. मग ते माझ्याकडे वळले.

"वर चढ आणि झाक."

"नाही."

"या शहरात तुला पुन्हा काम मिळणार नाही."

"नाही मिळालं तर नाही. एकदा गाडीवाल्याचं ऐकलं. तुमचं ऐकणार नाही."

ते स्वतःच पालखीवर चढले आणि ओढणीकडे हात नेला. आपण कुणाला शिवतोय याचं भानही त्यांना उरलं नव्हतं.

"आल्वारो, हात खाली," मेन्सियाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण सगळ्या रस्त्याने ऐकला.

हात तसाच हवेत राहिला. गर्दीतून एका बाईने आपल्या मेलेल्या पोराचं नाव घेऊन हाक मारली. मग दुसरीने मारली. पलीकडच्या खिडकीतून तिसरीने. सेन्योर आल्वारो पालखीवरून उतरले. खांदे देऊन भोई पुढे चालू लागले, आणि मीही आंद्रेसला हाक मारली, छातीत होता तेवढ्या जोराने.