डबा कशाचा?

मी एकदा नाई म्हटलं की नाईच. पण अनुप ऐकाले तयार नव्हता.

नालवाडीत आम्हा दोघा मित्रांचा मोठ्या माणसांसाठी कॉम्प्युटर क्लास आहे. त्यांच्यासाठीच आम्ही मराठी शब्दांची एक प्रोग्रामिंगची भाषा बनवली. दोघांचा होकार असल्याशिवाय तिच्यात नवं काही घालायचं नाही, असं आमचं ठरलेलं. अनुपनं चार महिने खपून आकड्याले माप चिकटवायची सोय केली होती. नुसतं पाच नाई, पाच किलो. किलोत लिटर मिळवले की भाषा अडवते.

"पळून जातीन लोकं," मी म्हटलं. "इथं साधी बेरीज लिहिता लिहिता घाम फुटते, आन् तू मापाचे कायदे शिकवून राह्यला."

"रुपेश, चुका कमी होतीन ना पण."

"त्याहीले नाई झेपत बे हे."

अनुपचं तोंड उतरलं. मले वाईट वाटलं, पण मैत्री वेगळी अन् क्लास वेगळा. शेवटी ठरलं, क्लासातल्या तानाबाईले वापराले देऊ. तिले जमलं तर ठेवू, नाई तर काढून टाकू.

तानाबाई शाळेत खिचडी शिजवते. चष्मा सावरत तिनं आपलं रोजचं माप लिहिलं. एक डबा म्हणजे एक किलो. मग तांदूळ चार डबे, सोयाबीनच्या वड्या दोन डबे. कोणाले काही न विचारता तिनं बेरीज केली. उत्तर आलं सहा किलो. अनुप माह्याकडे पाहून हसला.

"चुकलं हे," तानाबाई म्हणाली.

"काऊन?" अनुपचं हसू गेलं.

"तांदळाचा डबा किलोचा असते बाबू. वड्यांचा तोच डबा पाव किलो भरते. डब्यात काय हाये ते पाहा लागते का नाई? तुमच्या मशीनले एवढं बी समजत नाई?"

मापं चिकटवूनही उत्तर चुकलं, म्हणून अनुप ते सगळं काढून टाकाले बसला. खरं तर मी जिंकलो होतो. पण मले स्वतःचीच लाज वाटली. या बाईले काय झेपणार नाही, हे मी तिले न विचारताच ठरवून टाकलं होतं.

"थांब, काढू नको," मी म्हटलं. "डबा कशाचा, ते बी लिहिता आलं पाह्यजे."

"ते तं अजून कठीण होईन."

"तुले कठीण जाईन," मी म्हटलं. "तिले नाई."