मागच्या सीटची ट्रायल

गॅरेजमध्ये दुपार सुस्तावून पडली होती. पत्र्याच्या फटींतून आलेलं ऊन फरशीवर पट्ट्यापट्ट्यांनी पसरलं होतं आणि त्या उन्हात एक भलीमोठी मोटारसायकल स्टँडवर उभ्याउभ्या बासरी वाजवत होती. लांब पल्ल्याची गाडी ती. दोन्ही अंगांना पेट्या, पुढे दोन स्पीकर, मागे दोन, आणि उजव्या पेटीत या चौघांना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर. तो बंद पडतो म्हणून गाडी इथे आणली होती आणि सकाळपासून तो एकदाही बंद पडला नव्हता.

टेलरबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होत्या. डोळे मिटत होते, उघडत होते. बासरीबरोबर त्यांना एक दरी दिसत होती, काठोकाठ धुक्यानं भरलेली. ही दरी त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांच्या यजमानांनी ती फोनवर सांगितली होती, सहा-सात वर्षांपूर्वी, आणि बाईंनी शर्टाला काजं करता करता ऐकली होती. दरीनंतर एक लांबलचक पूल यायचा, पुलानंतर अस्तराच्या कापडासारख्या हिरव्या पाण्याचं तळं. अकरा वर्षांत यजमान गाडीवरून जिथे जिथे गेले, ते सगळं बाईंनी दुकानात मशीनवर बसल्या बसल्या मनात जमवून ठेवलं होतं.

परवा सकाळी ते खरंच बघायला निघायचं होतं. यजमान नोकरीतून निवृत्त झाले होते आणि बाईंनी दुकानाला पहिल्यांदाच महिनाभराचं कुलूप लावलं होतं. काल सराव म्हणून दोघं गाडीवर निघाले, तर पहिल्याच स्पीडब्रेकरला गाणं गप्प. उतरून बघितलं तर सुरू. पुन्हा बसून निघाले, पुन्हा गप्प.

"तू बसलीस आणि गाडीची बोलतीच बंद झाली," यजमान हसत म्हणाले होते.

थट्टाच होती ती. बाईंना मात्र लागली. तेव्हापासून त्यांनी मनाशी एक गोष्ट पक्की केली होती आणि कुणाला सांगितली नव्हती. आज हे दुरुस्त झालं नाही, तर आपण जायचं नाही. गाडीला आणि गाडीवाल्याला एकट्यानं फिरायची सवय आहे, त्यांच्यामागे आपलं लटांबर कशाला? दुकानाची किल्ली त्यांनी पर्समध्येच ठेवली होती.

मेकॅनिकला सगळे सायलेन्सर म्हणत, कारण तो दिवसाकाठी मोजून दहा शब्द बोलायचा. त्यानं बॅटरी तपासली, फ्यूज बघितला, प्रत्येक स्पीकरला मीटर लावला. मग एकटाच गाडी घेऊन लांब चक्कर मारून आला. बासरी अखंड.

"दोष नाही," तो म्हणाला. "न्या."

"अरे, काल बंद पडत होता ना," यजमान म्हणाले.

"आज नाही."

यजमानांनी डोकं खाजवलं. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस. न सापडणारी गोष्ट त्यांना सोसत नसे. पण बायकोचा पडलेला चेहरा त्यांनी बघितला असावा. "जाऊ दे," ते म्हणाले, "गाण्यावाचून काय अडतंय?"

या माणसानं अकरा वर्षांत गाण्याशिवाय एक किलोमीटर कापला नव्हता. आता आपल्यापायी मुक्यानं जायचं आणि वर मजा येतेय असं दाखवायचं. बाईंचा हात आपोआप पर्समध्ये गेला, किल्लीला लागला, आणि किल्लीशेजारच्या खडूला लागला.

कापडावर खुणा करायचा चपटा खडू तो. बाईंच्या पर्समध्ये रुमाल नसेल, खडू असायचाच. बोटं पांढरी झाली तशी त्यांना तीस वर्षांतली गिऱ्हाइकं आठवली. आरशासमोर उभं राहून पँटवर खूश होणारी, आणि दुसऱ्या दिवशी कुठेतरी खुर्चीत बसताना टर्रकन उसवून घेऊन तोंड लपवत परत येणारी. म्हणून बाई कुणालाही नुसती उभ्यानं ट्रायल देऊन सोडत नसत. खुर्चीत बसवत, वाकवत, मगच कपडा पिशवीत घालत.

"दादा," त्या सायलेन्सरला म्हणाल्या, "तुम्ही हँगरला टांगून कपडा बघताय."

सायलेन्सर हातातला स्क्रूड्रायव्हर पुसू लागला.

"म्हणजे गाडी रिकामी असताना बघताय. माणूस बसल्यावर बघा."

"बसलो होतो की."

"पुढे. काल मागे मी होते." हे म्हणताना त्यांची कानशिलं तापली. आता वजनाचा विषय निघणार. पण सायलेन्सर भला माणूस. तो आपल्या स्क्रूड्रायव्हरकडेच बघत राहिला.

"बसा काकू," तो म्हणाला. "काका, पुढे."

दोघं बसली. स्टँडवरच्या, जागच्या जागी उभ्या गाडीवर. बासरी चालूच होती. बाईंनी डोळे मिटले. समोर यजमानांची पाठ होती, तिला साबणाचा आणि जुन्या कॉलरचा वास होता. मग दरी आली. धुकं बाजूला होऊन त्यांना वाट देऊ लागलं. पूल लागला, खालून पाण्याचा गारवा वर आला. तळ्याकाठच्या वळणावर बाई हलकेच झुकल्या. पुढे चढ लागला, चढावर माणूस सरकतं तशा त्या मागे सरकल्या.

बासरी थांबली. तळंही गेलं.

"हलू नका," सायलेन्सर म्हणाला. ॲम्प्लिफायरवरचा हिरवा दिवा लाल झाला होता. "पुढे सरका."

हिरवा. बासरी सुरू.

"मागे."

लाल. सायलेन्सरच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा आनंद दिसला. त्यानं दोघांना उतरवलं आणि सीट उचलून बाजूला ठेवली.

सीटखाली एक आडवी लोखंडी पट्टी होती. तिच्यावरून स्पीकरची वायर गेली होती, अगदी मधोमध, दर चार बोटांवर नीट बांधलेली. सीटच्या तळाचा रबरी पाय नेमका तिच्यावर टेकत होता. दाबानं वरचं प्लॅस्टिक फाटलं होतं. आतलं तांबं लोखंडाला लागलं की ॲम्प्लिफायर स्वतःला वाचवायला बंद होत होता.

"वायर कुणी टाकली?" सायलेन्सरनं विचारलं.

"मी," यजमान म्हणाले. "नवी गाडी घेतली तेव्हा. सरळ रेषेत टाकली, अंतर कमी पडतं."

"इथे कुणी बसणारच नाही असं धरून टाकलीय."

एवढं लांब वाक्य आपल्या तोंडून गेलं कसं, याचं त्यालाच नवल वाटलं असावं. तो हात धुवायला निघून गेला.

बाईंना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. अकरा वर्षं त्या जागेवर बॅग बांधली जात होती, आणि बॅगेच्या वजनाबद्दल वायरीची काही तक्रार नव्हती. यजमान मान खाली घालून ती फाटकी जागा बोटानं चाचपत होते. ते काही बोलले नाहीत. बोलू शकले असते, हे बाईंना तेव्हाच आठवलं. गाडी नवी कोरी दारात उभी राहिली होती, यजमान हौसेनं बोलवायला आले होते, आणि बाई कात्री खाली न ठेवता म्हणाल्या होत्या, "मागे सामान बांधा. मी काही बसायची नाही, दुकान कोण बघेल?" पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. मग यजमानांनी विचारणं सोडलं. त्यांनी वायर बरोबर मापानं टाकली होती, आणि ते माप बाईंनीच दिलं होतं.

त्यांनी पर्समधून खडू काढला. "बसायच्या जागी वायर नको," म्हणत पट्टीला वळसा घालून, गाडीच्या कडेकडेनं एक गोलसर रेघ ओढली. "इथून फिरवा."

"लांब लागेल गं."

"लागू दे."

यजमानांनी नवी वायर घेतली आणि खडूच्या रेघेवरून बोटाबोटानं बसवत नेली. सायलेन्सरनं येऊन टोकं जोडली, सीट चढवली. बाई बसल्या. मागे सरकल्या, झुकल्या, लाज सोडून दोनदा दणकन आपटल्याही. बासरी तशीच चालू राहिली.

"हिरवा," सायलेन्सर म्हणाला आणि आपल्या कामाला लागला.

यजमान मात्र सीटशेजारी उकिडवे बसून पाना फिरवत होते.

"आता काय राहिलं?" बाईंनी वरून विचारलं.

"हे बॅगेचे हूक. टोचतील तुला."

"आणि बॅग कुठे बांधणार?"

"सामान कमी नेऊ."

यजमानांनी पहिला हूक काढून त्यांच्या हातात दिला, मग दुसरा, मग तिसरा. ते ठेवायला त्यांनी पर्स उघडली, तर वरच दुकानाची किल्ली. ती त्यांनी काढून यजमानांपुढे धरली.

"ही तुमच्याकडे असू दे," त्या म्हणाल्या. "मी मागितली तरी देऊ नका."

यजमानांनी किल्ली खिशात टाकली आणि चौथा हूक काढायला घेतला.