पुढच्या चाकांचा धूर

तीन महिन्यांपूर्वी आईला लायसन्स मिळालं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त नाचली ती धाकटी. आई घरोघरी जाऊन पेशंटना व्यायाम शिकवायची. गुडघे बदललेल्या आजीआजोबांकडे ती आता तीन-तीन बस न बदलता, ताजीतवानी पोचायची. गाडी ऑटोमॅटिक, त्यामुळे क्लचची भानगड नव्हती. तरी बाबा शेजारी बसले की आईचे खांदे थेट कानांपर्यंत चढायचे.

आणि आता तीच गाडी गॅरेजात लिफ्टवर टांगलेली. दोन दिवसांपासून गिअर टाकला की नुसतीच घुरघुरायची आणि मग दणका देऊन निघायची.

मिस्त्रींनी गिअरबॉक्समधलं तेल पांढऱ्या फडक्यावर टिपलं. लाल असायचं ते काळंकुट्ट, शिवाय करपल्याचा वास. "आतल्या प्लेटा जळाल्यात," ते म्हणाले. "ब्रेक दाबून वर अ‍ॅक्सिलरेटर दिला की गाडी हलत नाही, सगळा ताप आत."

"घ्या!" बाबांनी टाळी वाजवली. "पेडल दोन, म्हणून बाईसाहेबांचे पायही दोन! हजारदा सांगितलं, डावा पाय बाजूला ठेव. आता चावी विसर."

"असेल," आई खाली बघत म्हणाली. "गडबडीत पडलाही असेल पाय."

दादा भिंतीवरचं टायर कंपनीचं कॅलेंडर असं वाचत होता, जणू उद्या त्यावर पेपर आहे.

"अहो, एवढ्यानं नाही होत," मिस्त्रींनी पुढच्या चाकावर हात फिरवला. "टायर बघा कसा तासलाय. हँडब्रेकनं मागची चाकं बांधून पुढची जागेवर गरागरा फिरवलीत कुणीतरी. फिरत्या चाकानं एकदम रस्ता पकडला की सगळा दणका गिअरबॉक्सला."

"आमच्याकडचा रस्ताच खराब आहे," दादा म्हणाला.

झालं! धाकटीचं डोकं सटकलं. रविवारी दुपारी मोकळ्या पार्किंगमध्ये दादानंच तिला शूटिंगला उभं केलं होतं, कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घालून. व्हिडिओत चाकांखालून धूर निघताना "अजून, अजून!" असं किंचाळणारा आवाजही तिचाच. असू दे. तिनं व्हिडिओ लावून मोबाइल बाबांच्या हातात दिला.

बाबांनी तो कपाळाला आठ्या घालून पाहिला. मग पुन्हा पाहिला. या वेळी धूर मोठा करून.

"गाडी इंचभर सरकली नाही रे! हात बसलाय तुझा." मग एकदम आठवल्यासारखं, "पुन्हा केलंस तर तंगडी मोडीन, गाढवा." पण मिशीत हसू होतंच.

"मग आईची चावी?" धाकटीनं विचारलं.

"चावी आता माझ्याकडे राहील. खोलून बसवलेला गिअरबॉक्स नाजूक असतो. आईनं आता बसनंच जावं, कशाला रिस्क?"

"पण तिनं काय केलं?"

"तिनं केलं असं कोण म्हणतंय? तू फार बोलायला लागलीस हं."

बाबांनी मोबाइल धाकटीला परत दिला आणि ते दादाच्या खांद्यावर हात टाकून मिस्त्रींशी बोलायला पुढे गेले. आईनं पर्समधून चावी काढून लिफ्टशेजारच्या टेबलावर ठेवली आणि धाकटीकडून मोबाइल मागून घेतला. तिनंही व्हिडिओ दोनदा पाहिला.

"म्हणजे मी नीटच चालवत होते," ती म्हणाली.

मागे कंप्रेसर घरघरत होता. धाकटीशिवाय ते कुणालाच ऐकू गेलं नाही.