मापाचे स्प्लेंट

"आई, हळू आवळ गं! हात आहे माझा, लोकरीचं गाठोडं नाही."

"मग भावासारखं मनगट कमव. लापशी काय मी कुत्र्याला घालते?"

एल्स्पेथने धाकट्याच्या, कथबर्टच्या, हातावर स्प्लेंट चढवला. कोपरापासून मनगटापर्यंतचं लोखंडी कवच ते. त्याच्यावर ते डुगडुगत होतं.

"पट्ट्याला एक भोक पाड ना."

"दुसऱ्याच्या चामड्याला भोकं पाडायची नसतात," म्हणत तिने फटीत लोकर कोंबली.

ही जोडी लोहाराने थोरल्या निनियनच्या मापाने घडवली होती. पण ती हाती येईपर्यंत तो थांबला नाही. जुनीच जोडी बांधून राजामागे फ्लॉडनच्या लढाईला गेला. त्याला आता वर्ष होत आलं. गावातून चौदा जण गेले होते, त्यातले दोघे परतले, आणि ते दोघे एल्स्पेथ दिसली की रस्ता बदलत. शेजारणी "निनियन आला की" अशी सुरुवात करत आणि मग हवेबद्दल बोलत. ती मात्र दर शनिवारी स्प्लेंट वाळूने घासून, चरबी लावून ठेवी.

आज कुरणावर हत्यारपाहणी होती; प्रत्येकाने स्वतःची हत्यारं नि कवच दाखवायचं. मागच्या खेपेला एकच शिरस्त्राण झुडपाआडून तीन चुलतभावांच्या डोक्यावर फिरलं होतं. तेव्हापासून कुणाकडे उसनं सापडलं, की ते जागीच जप्त होई.

पाहणीच्या कारकुनाने कथबर्टचा हात उचलून पाहिला. फटीतली लोकर बोटाने ओढली.

"मेंढी आत राहते वाटतं?"

रांगेत हशा पिकला.

"उसने?"

कथबर्टचे कान लाल झाले. "भावाचे आहेत. तो... तो आला की परत द्यायचेत."

"म्हणजे उसनेच. काढ." कारकुनाने गाडीकडे बोट केलं. तिथे जप्त मालाचा ढीग पडला होता. "वारशाने आले असतील तर तसं सांग. मग तुझेच."

कथबर्टने आईकडे पाहिलं. परतलेल्या दोघांपैकी एक जण पुढेच उभा होता, तो बुटांकडे बघत राहिला.

शिपाई पट्टा सोडू लागला.

"हात लावू नकोस!" एल्स्पेथ बघ्यांना अडवणाऱ्या दोरीखालून वाकून आत आली. पट्टा तिने पुन्हा बांधायला घेतला. बक्कल दोनदा निसटलं.

"बाई, कुणाचे हे?"

"ह्याचे," ती म्हणाली. "थोरला मेला माझा."