उलटं फिरणारं चाक

भिंगरीला हे नाव तिच्या आत्यानं ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की हजेरीपटातलं नाव घरात कुणी घेईनासं झालं. पोरगी एका जागी बसेल तर शपथ! जेवताना पाय हलतोय, अभ्यास करताना पेन्सिल चावून चावून तिचा चोथा झालाय. आणि गेले तीन आठवडे तर विचारूच नका. शाळेत चेंडू फेकणारं यंत्र करून न्यायचं होतं. मोटारीवर चालणारं, छोटंसं. प्रत्येकाला तीन चेंडू मिळणार, त्यातला एक तरी दहा पावलांवरच्या बादलीत पडला पाहिजे.

यंत्राची तिला धास्ती नव्हती. धास्ती होती विज्ञानाच्या बाईंची. मागच्या वर्षी भिंगरीनं दोन महिने खपून एक क्रेन केली होती. हुक वर जायचा, खाली यायचा, गोल फिरायचा. बाईंनी ती चालवून पाहिली, गोड हसल्या आणि म्हणाल्या, "बाबांना सांग हं, छान झालीय."

झालं! ते वाक्य जे डोक्यात ठाण मांडून बसलं ते वर्षभर हललं नाही. बाबांचं कोपऱ्यावर मोटारी दुरुस्तीचं दुकान. पंखे, मिक्सर, वॉशिंग मशीन, जे फिरतं ते सगळं त्यांच्याकडे यायचं. मग पोरीनं काही केलं तरी ते बाबांनीच केलं, असं जगानं धरूनच ठेवलेलं. आणि गंमत बघा, क्रेनला बाबांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

म्हणून यंदा पहिल्याच दिवशी तिनं बाबांच्या कामाच्या टेबलावर खडूनं रेघ ओढली.

"ह्या रेघेच्या अलीकडे यायचं नाही. हात नाही, पक्कड नाही, सल्लाही नाही."

"आणि श्वास?" बाबांनी विचारलं.

"तो तिकडे तोंड करून घ्या."

मग सुरू झाली खटपट. मोडक्या खेळण्यांतल्या दोन मोटारी, त्यांच्यावर बाटल्यांची झाकणं, झाकणांना सायकलच्या ट्यूबची पट्टी. झाली दोन चाकं तयार. ती शेजारी शेजारी आडवी बसवली, मध्ये चेंडूपेक्षा जरा कमी फट ठेवली. चेंडू फटीत ढकलला की दोन्ही चाकांनी त्याला धरायचं आणि पुढे भिरकावायचं. ह्यासाठी एक चाक सुलटं फिरलं तर दुसरं उलटंच फिरायला हवं, हे तिला चार दिवस डोकं खाजवल्यावर उमगलं. तिनं एका मोटारीच्या तारा मुद्दाम उलट्या जोडल्या. त्या आनंदात तिनं दुकानाला तीन फेऱ्या मारल्या.

बाबांचे मात्र हाल. डोळ्यांसमोर मोटार आणि हात लावायचा नाही, म्हणजे काय चेष्टा आहे? हात नुसते शिवशिवायचे. ते पाठीमागे बांधून रेघेपलीकडे येरझाऱ्या घालायचे.

"पट्टी जरा सैल बसलीय," ते एकदा पुटपुटले.

"बाबा!"

"मी ह्या पंख्याला म्हणतोय गं."

यंत्र शाळेत न्यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दुकानात दहातले सात चेंडू बादलीत पडले. भिंगरी इतकी नाचली की आई म्हणाली, शेजारचे लोक धावत येतील.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात पालकांसकट गर्दी. प्रत्येकाला एक कागद भरायचा होता. त्यात एक रकाना होता, 'कोणाची मदत घेतली?' भिंगरीनं ठसठशीत अक्षरात 'कोणाचीही नाही' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. बाबा मागच्या रांगेत, लाँड्रीवाल्या काकांच्या शेजारी बसले होते. काकांच्या तिन्ही मशीन दुरुस्तीला बाबांकडेच यायच्या.

तिचा नंबर आला. तिनं बटण दाबलं, चाकं घरघरली, चेंडू फटीत ढकलला. चेंडू पुढे जाईचना! तिथल्या तिथे गरगर फिरला, टुणकन वर उडाला आणि तिच्याच मनगटावर आपटला. सभागृह फिसकन हसलं. दुसऱ्या चेंडूनंही तेच केलं. ह्या वेळी हसू मोठं होतं.

आता एकच चेंडू उरला. भिंगरीनं बटण बंद केलं, परत लावलं आणि वाकून पाहिलं. दोन्ही चाकं एकाच बाजूला फिरत होती.

असं कसं होईल? तिनं यंत्र उलटं केलं. डावीकडच्या मोटारीच्या तारांवर काळी टेप होती, नवी कोरी, आणि तिचं टोक जरासं दुमडलेलं. हे दुमडलेलं टोक ती लहानपणापासून बघत आली होती. टेप गुंडाळून झाली की बाबा टोक दुमडून ठेवायचे, पुढे जो कुणी उघडेल त्याला नख लावायला सोपं पडावं म्हणून. अख्ख्या गल्लीत असं करणारा दुसरा माणूस नव्हता.

तिनं मागे पाहिलं. बाबा तिच्याकडे बघून हसत होते, होईल होईल अशी मान हलवत होते. त्यांना अजून काही कळलेलंच नव्हतं. तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी तरारलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"तारा चुकीच्या जोडल्या गेल्यात."

"कोणी जोडल्या?"

भिंगरीनं टेपच्या दुमडलेल्या टोकावर अंगठा ठेवला. बाबांचं नाव घेतलं की संपलंच. मग क्रेनही त्यांची, हेही त्यांचं, आणि जन्मभर जे करीन ते त्यांचंच.

"मीच," ती म्हणाली.

मागे खुर्ची करकरली. "नाही हो बाई. तिनं नाही, मी."

बाबा पुढे आले. त्यांचे हात पाठीमागेच बांधलेले. "सकाळी टेबल पुसत होतो. सहज बटण दाबलं, तर एक चाक उलटं फिरतंय. वीस वर्षं उलट्या फिरणाऱ्या मोटारी सुलट्या करतोय मी. हात गेला. वाटलं, पोरीची चूक झालीय, गुपचूप निस्तरून टाकू. चौघांत तिची फजिती नको."

"अहो मोटारवाले," लाँड्रीवाले काका ओरडले, "आमच्या मशीनला हात लावण्याआधी पोरीला विचारत चला!"

सगळे खो खो हसले. बाबांचे कान लाल झाले, पण ते जागचे हलले नाहीत.

"म्हणजे ही चाकं एकमेकांच्या उलट फिरायला हवीत, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?" बाईंनी विचारलं.

"नव्हतं. आणि खरं सांगू का, का फिरायला हवीत ते अजूनही नीटसं कळलेलं नाही."

बाई भिंगरीकडे वळल्या. "तुला सांगता येईल?"

भिंगरीनं दुमडलेल्या टोकाला नख लावून टेप सर्रकन सोडवली होती. तारांची अदलाबदल करता करताच ती बोलू लागली, "दोन्ही एकाच बाजूला फिरली ना बाई, तर एक चाक चेंडूला पुढे लोटतं, दुसरं मागे ओढतं. मग तो बिचारा जाणार कुठे? फिरत बसतो. उलट फिरली की दोघं मिळून पुढेच लोटतात." तिनं बटण दाबलं, चेंडू ढकलला. सुईंकन गेला तो थेट बादलीत.

टाळ्या थांबल्यावर बाईंनी तिचा कागद पुढे सरकवला. "ही ओळ खोटी आहे. दुरुस्त कर."

भिंगरीनं 'कोणाचीही नाही' खोडलं आणि 'बाबांची' असं लिहिलं. शेजारच्या रकान्यात 'मदतीचं स्वरूप' होतं. तिथे पेन्सिल चावत तिनं जरा विचार केला आणि लिहिलं, 'बिघडवून दिलं.'

बाईंनी वाचलं, खाली सही केली. "छान केलंस," त्या म्हणाल्या. तिच्याकडे बघून म्हणाल्या, तिलाच.

घरी येताना भिंगरी यंत्र छातीशी धरून दोन पावलं पुढेच चालत होती. बाबांनी मागून विचारलं,

"रागावलीस?"

"हो."

"खूप?"

"खूप."

दुकान उघडल्यावर तिनं यंत्र टेबलावर ठेवलं. सकाळी टेबल पुसताना खडूची रेघ पार पुसली गेली होती. बाबांनी खडू शोधला, पट्टी घेतली आणि रेघ पुन्हा स्वतःच ओढली, पहिल्या जागेपासून चांगली वीतभर आपल्या बाजूला सरकवून.

मग रेघेपलीकडे उभे राहून त्यांनी हात पाठीमागे बांधले. "आता मला परत सांग," ते म्हणाले, "ती उलटी का फिरवायची?"